बदकाचा पाय आणि राजाचं फूल

आमच्या मोंब्रेझमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी सांगते, काही नाही, बसा, कॉफी प्या आणि वाटेला लागा. चर्चचा एक वाकडा मनोरा, चौकातलं म्हातारं लिंडनचं झाड, ऑक्टोबरात चेस्टनटचा बाजार आणि ओढ्याकाठचा धुण्याचा हौद. संपलं गाव. पण फुल्जांस रूबिएला विचारलंत तर तुमची दुपार गेलीच म्हणून समजा. त्याच्या तोंडी मनोरा तोफेच्या गोळ्यानं वाकलेला, झाडाखाली कुणी कार्डिनल ढसाढसा रडलेला. उचलली जीभ लावली टाळ्याला! मनोरा वाकला तो माझ्या आजोबांच्या चुलतभावानं ओली लाकडं वापरली म्हणून. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

हा फुल्जांस आणि मी एका वर्गातले. जन्मभर त्यानं टपाल वाटलं. निवृत्त झाला आणि एका रात्रीत इतिहासकार झाला. मखमली कोट शिवून घेतला, छातीवर पितळी पट्टी लावली, ‘फुल्जांस रूबिए, स्थानिक इतिहास’. हातात काठी. पाय धडधाकट आहेत मेल्याचे, तरी काठी! उन्हाळ्यात बस भरून माणसं आली की हा माझ्या कॅफेच्या दारातच त्यांना गाठतो.

मनोऱ्याचं काय, झाडाचं काय, सांग बाबा हवं ते. माझं डोकं फिरतं ते हौदाशी.

हौदाच्या काठाला तिरके दगड आहेत. गावच्या बायका गुडघ्याखाली गवत भरलेली लाकडी पेटी घेऊन तिथे बसायच्या आणि थापीनं कपडे बडवायच्या. एकेकीचा दगड ठरलेला. त्यावर प्रत्येकीनं आपली खूण कोरलेली, म्हणजे दुसरी कुणी येऊन बसायला नको. बसलीच तर ओल्या चादरीचा फटका पाठीत! माझ्या आईची, अल्फोन्सीन व्हेसियेरची, खूण कात्री. तिच्या शेजारी झेली, फुल्जांसची आई. नवरा लवकर गेलेला. डॉक्टरांचे, नोटरीचे, पाद्र्यांचे कपडे तीच धुवायची, जानेवारीत बर्फाचा पापुद्रा फोडून. पुढे गुडघे गेले आणि ती डुलत डुलत चालायला लागली. बायका म्हणायच्या, “आलं गं आपलं बदक!” तीही पोट धरून हसायची. एक दिवस खिळा घेतला आणि आपल्या दगडावर बदकाचा पाय कोरला. तीन रेघा, खाली टाचेशी जुळलेल्या.

या तीन रेघांवर फुल्जांस काठी टेकवतो आणि आवाज खाली आणून सांगतो, “मंडळी, हे राजघराण्याचं चिन्ह, तीन पाकळ्यांचं लिलीचं फूल. राजाचा घोडा इथे पाणी प्यायला, त्याची ही खूण.”

माणसं फोटो काढतात. मी एकदा त्याला गाठून विचारलंच, “फुल्जांस, तुझ्या आईच्या लंगडण्यावर राजाचा घोडा बांधतोस, लाज नाही वाटत?”

“हळू बोल गं, युगेत! लोकांना इतिहास हवा असतो. घाणेरडे कपडे बघायला कोण येणार?”

“त्या घाणेरड्या कपड्यांवर पोसलास ना रे तू?”

तो कोट झटकून निघून गेला. बडा घर, पोकळ वासा.

आमच्याकडे कबरीची जागाही मुदतीनं मिळते. मुदत संपली आणि घरचं कुणी फिरकलं नाही की हाडं सगळ्यांच्या खड्ड्यात जातात. झेलीची गेली. तेव्हा हा काठीसाठी चांदीची मूठ करून घेत होता. म्हणजे आता या गावात झेलीचं म्हणून जे काही उरलंय, ते त्या तीन रेघा. आणि त्याही यानं राजाला देऊन टाकल्या.

गेल्या वसंतात हमरस्त्यावर प्रेक्षणीय गाव म्हणून आमच्या नावाची मोठी पाटी लागावी, त्याच्या पाहणीसाठी पर्यटन खात्याच्या एक बाई आल्या. मादाम देलमास. साध्या, चिखलाचे बूट घातलेल्या. सरपंच घामानं निथळत होते. फुल्जांसनं मनोरा दाखवला, त्या नुसतं “हं” म्हणाल्या. झाड दाखवलं, “हं.” हौदाशी मात्र त्या खाली वाकल्या, ओल्यातच गुडघे टेकले आणि दगडांवरून हात फिरवायला लागल्या.

“राजाचं लिलीचं फूल,” फुल्जांस म्हणाला.

“छे हो! या धुणाऱ्या बायकांच्या खुणा. इतक्या ठसठशीत मी कुठेच पाहिल्या नाहीत.” बाईंचा चेहरा उजळला होता. “या कुणाच्या, कुणाला आठवतंय का? नावं मिळाली तर इथे दगडी फलक बसवू. बाकीचं राहू द्या, तुमच्या गावात बघण्यासारखं हेच आहे.”

मी आईचं नाव सांगितलं. सरपंचांनी त्यांच्या मावशीचं आणि गिरणीवालीचं सांगितलं. मग बाईंनी त्या तीन रेघांवर बोट ठेवलं. “आणि ही?”

सगळे फुल्जांसकडे बघायला लागले. मला वाटलं, आता तरी बोलेल. बोल रे, एकदा बोल, मी तुझं सगळं माफ करते.

फुल्जांसनं काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. “असेल कुणी गरीब बाई,” तो म्हणाला. “कुणाला ठाऊक!”

“झेली!” मी ओरडले. “झेली तिचं नाव!”

“आणि आडनाव?” बाईंनी विचारलं.

सरपंच तोंड उघडणार तेवढ्यात मी त्यांचा दंड धरला. “आडनाव या साहेबांना विचारा, मादाम. इतिहास त्यांच्याकडे असतो.”

बाई त्याच्याकडे वळल्या. फुल्जांस मनोऱ्याकडे बघत राहिला. “सांगता येणार नाही,” तो म्हणाला.

पाटी लागली. फलकही बसला. गावातले लोक मला अजून बोल लावतात, “युगेत, तू तरी सांगून टाकायचंस!” नाही सांगितलं, सरपंचांनाही सांगू दिलं नाही. ते द्यायचं काम पोराचं होतं, माझं नव्हतं.

आता बस भरभरून येतात, सरळ हौदाशीच. फुल्जांसच दाखवतो, कोट घालून, काठी घेऊन. राजाचा घोडा गेला बिचारा. फलकावर चार नावं आहेत, तिघींची पूर्ण आणि चौथीचं नुसतंच झेली. रोज कुणी ना कुणी विचारतंच, “हिचं आडनाव काय हो?”

आणि छातीवर रूबिए नावाची पितळी पट्टी मिरवत तो सांगतो, “इतिहासाला ठाऊक नाही.”