प्रकाश फक्त टोकाशी

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी मल्लेश्वरममधल्या आमच्या नेहमीच्या उभ्याने खायच्या हॉटेलात, कॉफीचं टोकन हातात धरून रांगेत होतो. फोन सुधाक्कांचा, म्हणजे अण्णांच्या पत्नीचा. "अरे, हे गेले पहाटे," त्या म्हणाल्या. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळाने, "कुठे आहेस? कॉफी घेतलीस?... घे आधी. मग ये. इथे आता घाईचं काही उरलं नाही." अण्णांच्या फुप्फुसांनी दगा दिला होता, काही आठवडे ते रुग्णालयातच होते, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती, पण अपेक्षित बातमीसुद्धा आल्यावर माणूस रांगेत कुठे उभा होता ते विसरतोच. मी टोकन दिलं, कॉफी घेतली आणि पूर्ण प्यायलो. अण्णांना ते पटलं असतं. गरम कॉफी टाकून धावत सुटणाऱ्या माणसाच्या विचारशक्तीवर त्यांचा कधीच फारसा विश्वास नव्हता.

त्यांचं पूर्ण नाव गुरुराज राव. तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज या बाजूला आले आणि, अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे, "परत जायचा हुकूम अजून आला नाही म्हणून राहिलो." मी निपाणीकडचा, नोकरीसाठी बंगळुरात आलेला. माझ्या मराठीला ते रांगडी म्हणत. त्यांच्या मराठीला मी उपमा म्हणत असे. रवा आपला, फोडणी कानडी. आमची गाठ पडली ती होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत. हृदयाचे ठोके चुकतात अशा रोग्यांसाठी लेसरचं उपकरण तिथे बनत होतं. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्यातून केसासारखा काचेचा तंतू सरकवायचा आणि त्या तंतूतून लेसरचा प्रकाश नेऊन हृदयात नेमक्या जागी बारीक बारीक चटके द्यायचे, असं ते काम. अण्णा त्या तंतूचे मुख्य अभियंता. मी उपकरणाबरोबर जाणारी माहितीपुस्तिका लिहायला नेमलेला माणूस. त्यामुळे ते मला पहिल्या दिवसापासून "लेखक" म्हणत, आणि त्यात कौतुक नसे.

मी लिहिलेला पहिला मसुदा त्यांनी माझ्यासमोर वाचला. सुरुवातीला "क्रांतिकारी" असा शब्द होता. तो मी घातलेला नव्हता, वरून आला होता. अण्णांनी त्यावर पेन्सिल टेकवली. "लेखक, टेबलावर रोगी झोपलेला आहे. डॉक्टरच्या एका हातात नळी आहे, दुसऱ्या हातात तुझं पुस्तक. या शब्दाचं तो काय करेल?" मी म्हणालो, काही नाही. "मग काढ. स्वल्प जागा होईल." पुढची कित्येक वर्षं मी त्यांच्या हाताखाली जागा करत राहिलो. विशेषणं गेली, मग क्रियाविशेषणं गेली. साहित्यावर भरपूर वाचलं होतं मी, पण वाक्याला काम असतं हे मला त्या कारखान्यात कळलं. आज हा लेख लिहितानासुद्धा ती पेन्सिल कागदावर टेकलेली दिसते आणि हात आखडतो.

हृदयाच्या त्या दुखण्याबद्दल मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. बाहेर चौकात वाहनांचा नेहमीचा गोंधळ चालू होता. "हे बघ. सिग्नल एकच असतो, तोवर सगळं सरी, ठीक. पण चार गल्ल्यांतून चार जण बाहेर येऊन शिट्ट्या फुंकायला लागले तर? गाड्या हलतात, जात कुठेच नाहीत. हृदयाचा वरचा कप्पा असाच नुसता थरथरतो. आपण शिट्टीवाल्यांना मारायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी कुंपण घालायचं. फुंकू देत आत बसून." फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती लेसरने व्रणांचं कडं करायचं, म्हणजे त्या वाटेने येणारे चुकार विद्युतसंदेश अडतात, हे शास्त्र मी नंतर पुष्कळ ठिकाणी वाचलं. शिट्टीवाले मात्र कुठेच भेटले नाहीत.

अण्णांचा एक रिवाज होता. तयार झालेला प्रत्येक तंतू बाहेर पडण्याआधी ते खोलीचे दिवे घालवत आणि तंतूत साधा लाल प्रकाश सोडत. तंतू निर्दोष असेल तर सबंध लांबी काळोखात गडप होते आणि फक्त टोकाशी एक लाल ठिपका दिसतो. मध्ये कुठे लाली दिसली, की तिथे केसाएवढी भेग आहे. तिथून लेसर गळणार आणि भलत्या जागी भाजणार. यंत्रं हीच तपासणी आधीच करून मोकळी झालेली असत. तरी अण्णा दिवे घालवत. आणि त्यांचा हट्ट असा, की तंतू नळीत घालण्याआधी डॉक्टरांनीही तेच करावं, कारण कारखान्यातून टेबलापर्यंतच्या प्रवासात तंतूचं काय होईल ते कुणी सांगावं? तेव्हा पुस्तिकेत सूचना आली. मूळ इंग्रजीतली, मराठीत साधारण अशी: दिवे मंद करून पाहा. लाल प्रकाश टोकाशिवाय कुठेही दिसला, तर हा तंतू वापरू नका.

यावर वाद झाला. कंपनीचं विक्रीचं ऑफिस इंदिरानगरात होतं, खाली रेस्टॉरंट, वर गालिचे. तिथून होसकोट्याला येणारे लोक गाडीतून उतरताना बुटांकडे बघत उतरत. त्यांचे प्रमुख म्हणाले, नामवंत डॉक्टरांना दिवे मंद करायला सांगणं हा त्यांचा अपमान आहे, ती सूचना मागे परिशिष्टात टाका. अण्णा शांतपणे म्हणाले, "मग पहिल्याच पानावर टाकू. अपमान लवकर होऊन जाऊ दे." प्रमुख हसले. अण्णा हसले नाहीत. त्या सूचनेखाली सही मिळेपर्यंत त्यांनी एकही तंतू कारखान्याबाहेर जाऊ दिला नाही. अण्णा दोनदा बढतीला मुकले ते याचमुळे, असं कंपनीत बोललं जाई. सूचना मात्र पहिल्या पानावर छापली गेली, ठळक अक्षरांत.

सगळ्या चाचण्या आणि परवानग्या पार पडून उपकरण बाजारात आलं, त्याचा समारंभ एका मोठ्या हॉटेलात झाला. मंचावर मखमल, मखमलीवर उपकरण, आणि मंचाच्या कडेने विक्रीखात्याने हौसेने आणलेली शोभेची प्रकाशवायर. टोकापासून टोकापर्यंत निळी झळकणारी. अण्णा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी त्या वायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लेखक, हे लोकांना काय दाखवतायत कळलं का? अख्खा गळका फायबर!" प्रमुख पाहुणे प्रत्येक भारतीय हृदय उजळण्याबद्दल बोलत होते. अण्णा उठून बाजूच्या दाराने गेले. जरा वेळाने, पाहुण्यांच्या ऐन वाक्यात, मंचाची कड विझली. आयोजक वायरमनला शोधत धावले. अण्णा परत येऊन बसले आणि जेवणात हुळीअन्न, म्हणजे सांबार-भात, असेल का, असं त्यांनी मला विचारलं.

त्यानंतर काही वर्षांनी मल्लेश्वरमच्या मेट्रो स्टेशनचा जिना चढताना माझ्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल थरथरू लागला. काढायला गेलो तर खिसा रिकामा. थरथर खिशाच्याही आत होती... मी पायरीवर बसलो. तपासण्या झाल्या. ज्या दुखण्यावर मी इतकी पानं लिहिली ते माझ्याच छातीत निघालं. औषधांनी फरक पडेना. डॉक्टरांनी अखेर दोन-तीन उपाय पुढे ठेवले, त्यांतला एक अण्णांचा. आणि खरं सांगायचं, तर मी घाबरलो. इतर रोग्यांना धोके ठाऊक नसतात. मला ते क्रमाने पाठ होते. त्यांतली वाक्यं माझी होती. रक्ताची गुठळी, शेजारच्या नसेला इजा, हृदयाला छिद्र. लिहिताना मी फक्त स्वल्पविराम बरोबर पडलेत ना, ते पाहिलं होतं.

मी अण्णांकडे गेलो. काय करू, विचारलं.

"बेडप्पा! मला विचारू नको," ते म्हणाले. "मी आई आहे त्याची. स्थळ चांगलं आहे का, हे कुणी मुलाच्या आईला विचारतं का? डॉक्टरला विचार. आमचं किती जणांना वापरलं ते विचार. किती जणांना नको म्हटलं, तेही विचार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो नीट देईल त्याच्याकडे झोप."

आतून सुधाक्का म्हणाल्या, "घाबरलाय तो. जरा धीर द्या की."

"धीर देणं माझ्या खात्यात नाही. तंतू देतो." पण निघताना ते फाटकापर्यंत आले. म्हणाले, "चांगलं हृदय कोणतं, सांगू? ज्याची दिवसभरात आठवण होत नाही ते. तुला तेवढंच हवंय. जास्त मागू नको."

मी डॉक्टरांना दोन्ही प्रश्न विचारले. दुसऱ्याचं उत्तर त्यांनी बराच वेळ दिलं, कुणाला का नाकारलं ते सांगितलं, आणि मी होकार दिला. अण्णा त्या दिवशी येणार नाहीत असं त्यांनी आधीच कळवलं होतं. "मी आलो तर डॉक्टर माझ्याकडे बघेल. त्याने तुझ्याकडे बघायला हवं."

टेबलावर मी जागा होतो. गुंगीचं औषध अजून दिलेलं नव्हतं. थंडी, हिरवे कपडे, मागे कुठेतरी यंत्राचा संथ आवाज. एक परिचारिका पाकीट उघडत होती; पाकिटावरची अक्षरं मला उलटी दिसली तरी ओळखू आली. माझ्या मनात एकच गोष्ट होती. पहिलं पान कुणी वाचलं असेल का? पुस्तिका कोण वाचतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. जन्मभर मी न वाचल्या जाणाऱ्या गोष्टीच लिहिल्या होत्या. विचारावं असं वाटलं. उघड्या छातीने झोपलेला माणूस डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सूचना करणार? तेवढ्यात डॉक्टर कुणाला तरी म्हणाले, "लाइट्स स्वल्प कमी माडी." आणि खोली मावळली. परिचारिकेने दोन्ही हातांनी काहीतरी वर धरलं होतं. काय ते दिसत नव्हतं. हातांच्या मधे नुसता काळोख होता. आणि त्या काळोखाच्या एका टोकाला, डाळिंबाच्या दाण्याएवढा, लाल ठिपका... "सरी," डॉक्टर म्हणाले. दिवे लागले. मला आठवतं, त्यानंतर मी घाबरलो नाही. घाबरायला जागाच उरली नव्हती. ती अण्णांनी कित्येक वर्षांपूर्वी पेन्सिलीने भरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ते कॉफीचा थर्मास घेऊन आले. कसा आहेस, दुखतंय का, यातलं काही विचारलं नाही. खुर्ची ओढली, बसले, म्हणाले, "दिवे घालवले?"

"घालवले."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं. फक्त टोकाशी."

"सरी," ते म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी कॉफी ओतून घेतली. मला धन्यवाद म्हणायचे होते. एक वाक्य मी तयारही केलं होतं. पण त्यात दोन विशेषणं होती.

ते गेल्यावर कंपनीने इंदिरानगरात शोकसभा घेतली. विक्रीखात्याचे तेच प्रमुख, आता आणखी वर चढलेले, अण्णांना "हृदयविज्ञानाचा दीपस्तंभ" म्हणाले. अण्णांच्या फोटोला हार होता, आणि फोटोच्या चौकटीभोवती निळी वायर. टोकापासून टोकापर्यंत झळकणारी. समारंभातलीच असावी, कंपनीत काही वाया जात नाही. सुधाक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मी रुमाल शोधू लागलो, मग लक्षात आलं, त्या हसू आवरत होत्या. "ऊठ," त्या कुजबुजल्या. "बंद कर ते. हे किती वेळ बघत बसतील बिचारे?" मी बाजूने गेलो, मेजाखाली वाकलो आणि पिन उपसली. एक वायरमन लगबगीने आला. मी पुन्हा येऊन बसलो आणि शक्य तेवढा गंभीर चेहरा केला. इतक्या वर्षांत अण्णांकडून जे शिकलो, त्यातलं हे एक तरी मला नीट जमलं.

मागच्या आठवड्यात मल्लेश्वरमला त्यांच्या घरी गेलो होतो. दुपारची वेळ. सुधाक्का अण्णांच्या खोलीतली धूळ झटकत होत्या. टेबलावर तो छोटा लाल दिवा आणि त्याला जोडलेला, वेटोळं करून ठेवलेला एक तंतू अजून तसाच होता. आलेल्या-गेलेल्यांना अण्णा तो दाखवत, पण मी कधी नीट पाहिला नव्हता. कारखान्यात रोज पाहणारा माणूस घरी कशाला पाहील? अक्कांनी पडदे ओढले आणि बटण दाबलं. वेटोळं काळोखात गेलं. टोकाशी ठिपका होता. पण वेटोळ्याच्या मधोमधही, जरा फिकी, एक लाली होती.

"अक्का, हा तर फुटका आहे," मी म्हणालो.

"मग?" त्यांनी त्या लालीवर बोट ठेवलं, अण्णा ठेवत असतील तसं. "चांगला घरी कशाला आणतील? चांगले सगळे माणसांत गेले."

पडदे उघडून त्या कॉफी करायला आत गेल्या. मी अण्णांच्या खुर्चीत बसून राहिलो. बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी भाडं ठरवत होतं. माझ्या छातीत विशेष असं काहीच घडत नव्हतं.