सावळीरामची नाकेबंदी

सिन्नर फाट्याजवळच्या वसाहतीत लंकाबाई पगारे दोन खोल्यांत राहायची. नवरा सावळीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होता. १९९५ साली द्वारका चौकात त्याच्या स्कूटरला ट्रकची धडक बसली आणि कंबरेखालचं अंग गेलं. तेव्हा तो अडतीसचा होता, ती तेहतीसची. मूलबाळ नव्हतं.

सुरुवातीला कामावरचे दोस्त रमी खेळायला यायचे. हळूहळू एकटा यादव उरला, तोही कधीमधी. सावळीराम जेवणाचं ताट भिरकावू लागला. लंकाबाईला पत्ते येत नव्हते. माहेरी निफाडला ती सोंगट्या तेवढ्या खेळली होती. मग त्याने पडल्या पडल्या दोन्ही मिळून एक नवाच खेळ बसवला. प्लायवूडच्या तुकड्यावर दहा बाय दहा घरं आखली. दोघांना चार-चार सोंगट्या, हातात पाच-पाच पत्ते. लाल पत्ता टाकला तर सोंगटी सरळ जाणार, काळा टाकला तर तिरकी, पत्त्यावर आकडा असेल तेवढी घरं. राजा आला की समोरच्याच्या वाटेत खडा ठेवून एक घर बंद करायचं. सगळ्या सोंगट्या आधी पलीकडे नेईल तो जिंकला. खेळाला त्याने नाव दिलं नाकेबंदी.

पहिलं वर्ष बरं गेलं. तो हसायला लागला, वेळेवर जेवायला लागला. यादव म्हणाला, असा खेळ कुठे पाहिला नाही, बाजारात चालेल. पण बाजारात जाणार कोण? दुपारचा एक डाव दोन झाला, मग सकाळीही. ती नळावर गेली की आतून हाक यायची. लवकर सुटावं म्हणून ती हरायची, तर तो सोंगट्या परत मांडायचा.

"मुद्दाम हरू नकोस. मला कळतं."

म्हणजे डोकं लावून खेळणं आलं. भाकरी थापतानाही तिला परातीत घरं दिसायची. द्राक्षाच्या हंगामात भाऊ दोन दिवसांसाठी न्यायला आला, तेव्हा तिने त्याला चहा पाजून परत पाठवलं. सावळीरामला दर तीन तासांनी कुशीवर वळवायला दुसरं कोणी नव्हतं.

२००२ मध्ये वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली. शेजारच्या आशाने अर्ज भरून दिला, आणि निवड झाली. लंकाबाईने डाव चालू असतानाच सांगितलं. सावळीराम हातातल्या पत्त्यांकडे बघत राहिला.

"मग दुपारी माझ्याशी खेळणार कोण?"

"तीनला येते. मग बसू."

तो अडवू शकला नाही. ती अकरा दिवस गेली. पोरांना खिचडी वाढली, गाणी म्हटली, बायकांशी पोट दुखेपर्यंत हसली. आशा मधूनमधून डोकावायची, पण परक्या पुरुषाला ती वळवणार कशी? बाराव्या दिवशी चादर बदलताना लंकाबाईला त्याच्या माकडहाडाशी जखम दिसली, बोटभर खोल. तो एका शब्दाने बोलला नव्हता. तिने राजीनामा दिला. जखम भरायला चार महिने लागले. त्या काळात ती ड्रेसिंग करायची आणि पत्ते वाटायची, बोलायची मात्र नाही.

एका गुरुवारी त्याने सोंगट्या बाजूला सारल्या.

"तू परत जा अंगणवाडीत. मी मुद्दाम गप्प राहिलो होतो. हाताला ओल लागत होती तरी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. जागा केव्हाच भरली होती, हे तिला ठाऊक होतं. पण ती उठली, लुगडं बदललं, चौकशी करून येते म्हणाली आणि थेट फाट्यावरच्या बस थांब्यावर जाऊन बसली. गाड्या येत होत्या, माणसं चढत-उतरत होती. तासाभराने ती घरी आली.

"काय म्हणाले?"

"पुढच्या आठवड्यात या म्हणाले."

त्यानंतर दर गुरुवारी ती चौकशीला जायची. तो दर वेळी तेच विचारायचा, ती तेच सांगायची. असं पाच वर्षं चाललं, तो जाईपर्यंत. इतकी वर्षं चौकशी कसली, हे त्याने कधी विचारलं नाही.