गिरणीतून जाणारी वाट

कामोठ्यात सेक्टरांचे रस्ते आखले जाण्याआधीपासून मालू गोवारी त्या गावची सून. शेतजमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर बिल्डरने इमारत उभी केली, तेव्हा खालचा एक गाळा गोवारींच्या वाट्याला आला. तिच्या नवऱ्याने, भगवानने, त्यात पिठाची गिरणी टाकली. पुढे त्याचे गुडघे गेले आणि गिरणी मालूच्या अंगावर आली. पट्टा बदलण्यापासून दळणाच्या दगडाला टाकी लावून तो खरखरीत करण्यापर्यंत सगळं ती शिकली. उन्हाळ्यात मसाले कांडायला उरणपासून बायका यायच्या. त्या दोन-तीन महिन्यांवर तिचं वर्ष निघायचं.

व्यापारी संघात ती आली ती शेजारच्या हार्डवेअरवाल्या मितेशमुळे. तो संघाचा अध्यक्ष. "ताई, कमिटीत एक बाई हवी. उपाध्यक्ष म्हणून नाव घालतो. वर्षातून एकदा पूजेला या, बस," असं तो म्हणाला आणि मालूने हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

मग ऐन मसाल्यांच्या दिवसांत गटाराचं काम निघालं. सकाळी गिरणी उघडायला गेली, तर दुकानांच्या ओळीसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळे पत्रे ठोकलेले. पत्र्यांच्या आत दुकानांच्या पायऱ्यांना लागून खोल चर खणलेला. रस्त्यावरून दुकानाची पाटीसुद्धा दिसेना. गिऱ्हाईक पत्र्याबाहेर उभं राहून फोन करायचं, "चालू आहे का?" चालू असून उपयोग नव्हता. गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन चर कोण ओलांडणार?

काम लांबत गेलं. एका रविवारी मितेशने टेम्पो आणला, एक पत्रा सरकवून मजुरांकरवी चरावरून माल काढला आणि खारघरला नवीन जागा घेतली. जाताना म्हणाला, "ताई, उपाध्यक्ष तुम्हीच. आता संघाचं तुम्ही बघा."

"मी काय बघू? मला बोलता येतं का सायबांशी?"

"मग मी तरी काय करू? इथे मरू?"

त्याचं चुकलं असं तिला म्हणता येईना. त्याच्याकडे खिळे-पाईप होते, टेम्पोत मावणारे. तिची गिरणी सिमेंटच्या पायात गाडलेली होती. जाड केबल भिंतीतून आत आलेली. गिरणी उचलता येत नव्हती, विकायची तर पत्र्यामागचा गाळा बघायला कोणी येत नव्हतं. आणि आता ओळीतले सगळे दुकानदार रोज संध्याकाळी तिच्याच दारात येऊन बसायचे, काय झालं विचारायला.

गटाराचं काम काढणाऱ्या महापालिकेच्या ऑफिसात ती गेली. सोबत पूर्वी नावाची, केक बनवून विकणारी मुलगी होती. तिचं दुकान गिरणीला लागूनच. साहेबांनी ऐकून घेतलं, कंत्राटदाराशी बोलतो म्हणाले. दुसऱ्या खेपेलाही तेच म्हणाले.

त्यानंतर एका सकाळी गिरणीपुढचा पत्रा काढलेला दिसला. चरावर जाड फळी टाकलेली, बाजूला दोरीसुद्धा बांधलेली. फक्त गिरणीपुढे. कंत्राटदाराचा सुपरवायझर जीवन तिथेच उभा होता.

"मावशी, तुमची सोय केली. साहेब म्हणाले, बाईमाणूस आहे."

"आणि बाकीच्यांची?"

"बाकीच्यांचं बघू. तुम्ही जरा ऑफिसचे हेलपाटे कमी करा. उन्हात कशाला?"

त्या दिवशी गिरणीवर डब्यांची रांग लागली. मिरची आली, धणे आले. मालूने दिवसभर मान वर केली नाही. संध्याकाळी मात्र दारात कोणी येऊन बसलं नाही. मोबाईल दुरुस्त करणारा केतन समोरून गेला आणि न थांबता म्हणाला, "काकी, अभिनंदन. संघाचं काम झालं म्हणायचं."

फळी काढून टाकावी तर गिरणी पुन्हा बंद. ठेवावी तर या ओळीत तोंड कुठे दाखवायचं? घरी भगवानला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू मागितली व्हतीस का वाट? नाय ना? मग गप दळ." तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गिरणीचं मागचं दार उघडलं. मागे अरुंद गल्ली होती. एका टोकाला ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या टोकाला भिंत, म्हणून कोणी वापरत नव्हतं; पण सगळ्या दुकानांची मागची दारं तिथेच उघडत. तिने गल्लीतली खोकी ओढून बाजूला केली, झाडून घेतलं आणि पूर्वीला हाक मारली.

"तुझं गिऱ्हाईक माझ्या गिरणीतून आत येऊ दे. मागून तुझ्याकडे. केतनला पण सांग, सगळ्यांना सांग."

"काकी, आणि तुमचं दळण?"

"बघू."

माणसं यायला लागली. फळीवरून गिरणीत, गिरणीतून गल्लीत. पहिल्याच दिवशी एका मुलीची ओढणी पट्ट्याजवळ गेली. मालूने तेव्हाच खटका पाडला. मिरचीचं तर विचारूच नये. केक न्यायला आलेली माणसं शिंकून बेजार व्हायची, पूर्वीच्या क्रीमलाही ठसका लागेल असं वाटायचं. शेवटी मालूने ठरवलं, गहू-ज्वारी दुकानं उघडायच्या आत दळायची आणि मसाला यंदा घ्यायचाच नाही. उरणच्या सोनाबाई मिरचीची पोती घेऊन आल्या, तर तिने त्यांना परत पाठवलं. सोनाबाई रागावून म्हणाल्या, "इतकी वर्षं येतो आमी. सांगायचं तरी." दिवसभर ती बंद मशीनला पाठ लावून स्टुलावर बसायची आणि स्वतःच्या गाळ्यातून जाणाऱ्या लोकांना अंग चोरून वाट द्यायची.

जीवन आला तो तापूनच. "मावशी, फळी तुमच्यासाठी होती. उद्या काढतो."

"काढा. आज सगळे ऑफिसात येतोय, तिथंच सांगते कुणासाठी व्हती ते."

त्या दिवशी ओळीतली सगळी दुकानं बंद ठेवून माणसं निघाली. मालू साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. मग ती म्हणाली, "साहेब, मला एकटीला वाट दिली. मी घेतली पण. एक दिवस दळलं त्याच्यावर. आता गप बसायला सांगतात. तुमी एकदा येऊन बघा, आमी कुठनं चालतो ते." मागे उभा असलेला केतन जमिनीकडे बघत होता.

साहेब आले. फळीवरून गिरणीत, गल्लीत, प्रत्येक मागच्या दाराशी थांबून विचारत परत आले. त्यांनी जीवनला तिथेच बोलावलं. त्या आठवड्यात ओळीत ठिकठिकाणी पत्रे निघाले, कठडे लावलेल्या फळ्या टाकल्या गेल्या, आणि पुढचं खोदकाम तुकड्यातुकड्याने करायचं ठरलं.

केतनच्या दुकानाला त्याचा उपयोग झाला नाही. तो फळ्या टाकायच्या आतच गाळा सोडून रोडपालीला कुणाच्या तरी दुकानात नोकरीला लागला होता. पूर्वीचं केकचं दुकान कसंबसं तगलं. मसाल्याचे दिवस सरले होते, आणि उरणच्या बायकांनी दुसरं मशीन धरलं होतं.

संघाची बैठक गिरणीतच झाली. मालूने सगळ्यांसमोर सांगितलं, "मला आता सोडा. माझ्याच्यानं होत नाय. दुसरं कुणीतरी घ्या." कोणी म्हणालं पुढच्या महिन्यात बघू, कोणी चहा मागवला. पूर्वी तेवढी म्हणाली, "मी तुमच्याबरोबर ऑफिसात येत जाईन, काकी." पद घेते असं तीही म्हणाली नाही.

घरी भगवान जागाच होता. "सोडलंस?"

"नाय," ती म्हणाली आणि पाय धुवायला मोरीत गेली. उद्या समोरच्या ओळीपुढे पत्रे लागणार होते. तिथली माणसं सकाळीच तिच्याकडे येतो म्हणाली होती.