सगुणची तांबडी भाजी

सगुण समोरच्याचे वाक्य कधी पुरे होऊ देत नसे. गोव्यातल्या भाषेच्या वादाचे ते दिवस. मी मराठीच्या व्यासपीठावर, तो कोकणीच्या. शेजारी असल्याने रोज गाठ पडे. रस्त्यातूनच हात उंचावून तो ओरडे, "काका, भाषण मराठींत आनी बायलेकडेन झगडें कोंकणींत, हें कितें?"

मांद्र्याच्या सभेत माझ्या प्रश्नाने त्याची बोलती बंद झाली आणि तो व्यासपीठ सोडून पळाला, असे आमच्या बाजूचे लोक अजून अभिमानाने सांगतात. हा विजय खोटा आहे. तो माझ्या नावावर ऐकताना मला लाज वाटते. सगुण पळाला तो मागच्या विहिरीकडे. मी गेलो तेव्हा पंचा गुंडाळून तो लेंगा धूत होता आणि पाणी तांबडे होत होते.

"रक्त?" मी विचारले.

"काल तांबडी भाजी खाल्ली ती. तुमकां सगळेकडेन झगडेंच दिसता!"

तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता.

त्याला तांबड्या भाजीचे, म्हणजे लाल माठाचे, वेड होते, रोज मागून घ्यायचा, असे त्याची बायको कौतुकाने सांगे. तेही खरे नव्हे. ती भाजी खाल्ली की शौचाला तांबडे होते, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असते. रोजच्या रक्ताला त्याने रोजचे कारण करून ठेवले होते. हे त्याने मला इस्पितळाच्या खाटेवर सांगितले, मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोचल्यावर.

"अरे, आधी का नाही दाखवलेस?"

"ह्या पिरायेर फाटल्यान रगत वता म्हण कोणाक सांगूं, काका? तुमचेच लोक सभेंत हांसले आसते."

हसले असते. तरण्या माणसाला मागून रक्त जाते, हे ऐकून नक्कीच हसले असते.

तो गेला. बाराव्याला त्याच्या आईने सर्वांना बजावले, "कावीळ म्हणात." सर्वांनी कावीळ म्हटले. मी भर ओसरीवर खरे नाव उच्चारले. डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांना तपासून घ्या म्हणून सांगितले होते, तेही सांगितले. मी त्या घराची अब्रू घालवली असे लोक म्हणतात. म्हणोत. त्याच संध्याकाळी सगुणचा धाकटा भाऊ दत्ता मला माडांखाली गाठून खालच्या मानेने म्हणाला, "काका, म्हाकाय तशेंच जाता."

दुसऱ्या दिवशी मी त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीण तरुण होती. "काय होतंय?" तिने विचारले. दत्ता आधी जमिनीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मैदाने गाजवलेला मी. माझेही कान तापले.

"ह्याला शौचातून रक्त जाते," अखेर मी म्हणालो. "ह्याचा भाऊ त्यानेच गेला."

ती हसली नाही. खुर्ची जरा पुढे ओढून तिने दत्तालाच विचारले, "कधीपासून?"

आणि दत्ता सांगू लागला.