तानीचं पायपुसणं आणि माझं तोरण

सगळ्यात आधी आली ती कोलंबोची निलू. दारातला सडा वाळला नव्हता, मी अजून अंबाडा बांधत होते, आणि ही पोरगी पाठीवर बोचकं घेऊन फाटकात उभी! मुंबईची रेल्वे वेळेआधी आली म्हणे. आमच्या शेजारणीला हे अजून पटलेलं नाही. ती म्हणते, कालची गाडी असणार ती. मागोमाग रिक्षातून ढाक्याचा फरीद उतरला, आणि मग या सगळ्यांच्या मास्तरीण, जर्मनीच्या मार्थाबाई. माझी नात मधुरा यांच्याबरोबर शिकते, म्हणून मुक्काम कोल्हापुरात आमच्याकडे.

मधुरा शिकते ते क्युरेटरचं. मी चौथीपर्यंत गेलेली बाई, मला हे आत्ताच कळलं, तेव्हा वाचणाऱ्यांनी हसू नये. आत्ताच्या काळातल्या कलेचं प्रदर्शन भरवायचं तर त्यात काय ठेवायचं, कशाशेजारी काय, खाली काय लिहायचं, परदेशी न्यायचं तर कसं, हे सगळं ठरवणारी ही माणसं. त्याचंही शिक्षण असतं, आणि वर्गात एकेक जण एकेका देशातला. या खेपेचा अभ्यास असा, की इचलकरंजी, हुपरी, कोल्हापूर फिरायचं, लोकांच्या घरांतून वस्तू निवडायच्या, आणि शेवटी इथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दिवसभर मांडायच्या.

घरांतून म्हटल्यावर मी ट्रंक उघडली. माझं काचेच्या मण्यांचं तोरण! मधुराच्या आईला सून करून आणली तेव्हा ओवलेलं. दोन्ही टोकांना पोपट, मधे कमळ, आणि एक मणी फुटलेला नाही. गल्लीतल्या बायका नमुना उतरून न्यायला यायच्या. धुऊन-पुसून मधल्या दाराला लावलं. निलू खालून गेली आणि ‘ब्यूटिफुल’ म्हणाली. मार्थाबाईंनी फोटो काढला. मी मनाशी म्हटलं, झालं काम.

पहिल्या दिवशी इचलकरंजी. तुम्ही जाणार असाल तर जीपवाल्याशी थांबण्यासकट भाडं आधीच ठरवा, आणि हंगामात जाऊ नका. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, पुढं सरकतही नाहीत आणि बाजूलाही होत नाहीत. मला गाडी लागते म्हणून मी ड्रायव्हरशेजारी, हातात लिंबू. यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरलं की बोलणं संपलं, नुसते हातवारे. फरीदचे आजोबा मागावर बसायचे, त्यामुळे त्याला माहेरी आल्यासारखं झालं. आणि निवडलं काय, तर कापडाच्या कडेची कातरून टाकलेली झालर! पोतंभर उचलली.

"आगं, कचरा हाय की ह्यो," मी मधुराला म्हटलं.

"बघ तर खरं, आज्जी."

खरं सांगते, मला बरंच वाटलं. कचऱ्यापुढं माझे पोपट किती उठून दिसतील!

दुसऱ्या दिवशी पट्टणकोडोलीवरून हुपरी. तिथं माझी धाकटी बहीण तानी. तिच्याकडं पैंजणाची घुंगरं करतात. पुढच्या खोलीत कारखाना, मागं संसार. पावणे दारात आले, रीतसर चपला काढल्या आणि पाय पुसायला लागले. तानी आतून ओरडली, "आक्का, त्यास्नी थांबीव! पाय आत येताना न्हाय पुसायचं, जाताना!"

मधुरानं इंग्रजीत सांगितलं तशी सगळी जागच्या जागी थिजली. चांदी कानशीनं घासताना कीस उडतो, तो तळपायाला चिकटतो. तो घराबाहेर जाऊ नये म्हणून हे जुन्या लुगड्यांचं जाड पायपुसणं. ते धुवायचं नाही, झटकायचं नाही. पार फाटलं की जाळायचं आणि राखेतून चांदी काढायची. मला हे लहानपणापासून माहीत, त्यात सांगण्यासारखं काय आहे? पण मार्थाबाई उंबऱ्यात गुडघे टेकून बसल्या. आणि माझी नात, जिला मी न्हाऊमाखू घातलं, ती म्हणाली, "आज्जी, माझं ठरलं. मी हे निवडणार."

पायपुसणं!

तानी अशी लाजली की जणू बघायला पावणे आलेत. जेवायला भाकरी, पिठलं, खर्डा. पावणे बोटं चाटत होते. पिठल्यात मीठ जास्त होतं, पण मी कशाला बोलू?

"आक्का, जेवंना झालीस की."

"गाडी लागतीया मला."

"गाडी तर भाईर हुबी हाय!"

परतताना मार्थाबाईंनी पोरांना प्रश्न घातला. हे पायपुसणं उद्या कोलंबोला न्यायचं झालं, तर कस्टमच्या कागदावर काय लिहाल, कापड की चांदी? निलू म्हणाली कापड, फरीद म्हणाला चांदी. कापड लिहिलं तर हरवल्यावर भरपाई काय मिळणार, आणि चांदी लिहिली तर तोलून दाखवणार कशी? ट्रॅक्टरमागं रांगत कोल्हापूर आलं तरी भांडण चालू. मण्यांना कागदावर काय लिहितात, हे कुणी विचारलं नाही.

कारखान्यात काम चालू होतं, म्हणून पायपुसणं मांडायच्या दिवशी तानी स्वतः घेऊन येणार होती. आली. नवी इरकल नेसून, एसटीनं, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तेलाचा प्लॅस्टिकचा कॅन. मधुरानं पिशवी उघडली आणि तिचा चेहरा उतरला. पायपुसणं धुतलेलं! वर नवी किनार शिवलेली.

"मावशीआज्जी, हे काय केलंस?"

"मग? चारचौघांत घाण मांडू? लोक म्हणतील, कुठल्या घरची बाई ही!"

"अगं, पण त्यातली चांदी..."

"चांदी कुठं जातीया? ही काय." तिनं कॅन टेबलावर ठेवला. गढूळ पाणी, तळाशी चकाकता गाळ. "धुतल्यालं समदं पाणी आणलंय. कंडक्टर म्हणला, मावशी, तेल हाय का? म्हटलं, न्हाय बाबा, पाय धुतल्यालं पाणी हाय. त्यानं शेजारची शीट मोकळी करून दिली."

मार्थाबाईंना डोळे पुसण्याइतकं हसू आलं. पण मधुराच्या निवडीवरच तिचा शेरा ठरायचा होता, ती हसली नाही. तिनं हॉलमधून दोन फेऱ्या मारल्या, आणि मधल्या टेबलावरचं सगळं उचलून बाहेर जायच्या दाराशी नेलं. खाली धुतलेलं पायपुसणं, शेजारी स्टुलावर कॅन, आणि कागदावर तानीचं वाक्य तिच्याच शब्दांत: ‘पाय आत येताना न्हाय पुसायचं, जाताना.’ त्या दारातून निघणारा प्रत्येक जण थांबला, आधी हसला, मग वाकून कॅनमध्ये डोकावला. तानी शेजारी उभी राहून दिवसभर सांगत होती. फोटो तर इतके काढले तिचे, की मला माझाच राग आला. मी का नाही चांदीच्या घरात पडले?

संध्याकाळी खुर्च्या आवरताना न राहवून विचारलं. "मधुरा, माझ्या तोरणात काय वाईट होतं गं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आज्जी, आपल्या राहत्या घरातलं निवडायचं नाही, हा आमचा पहिला नियम आहे. जीव असतो ना त्यात, मग नीट बघता येत नाही. तुला सांगितलं नव्हतं मी?"

नव्हतं सांगितलं! मी ट्रंक उघडली तेव्हाच सांगायचं की.

पावणे गेले. मधुराला शेरा चांगला मिळाला, मार्थाबाईंनी तिची पाठ थोपटली तेव्हा माझं मन भरून आलं, ते खोटं नाही. निलूनं मला कोलंबोचा चहा दिला. फिका आहे, पण वास चांगला. घर दोन दिवस मोकळं मोकळं वाटलं. तोरण अजून मधल्या दाराला आहे. येता-जाता पोपट माझ्याकडं बघतात.

परवा तानीला फोन केला. "ताने, तुझ्या दाराला तोरण हाय का?"

"न्हाय. का गं?"

"माझं आणून लावते."

ती फिस्सकन हसली. "लाव की आक्का. पर पायपुसन्याच्या बरुबर वर लाव. म्हंजी खाली बघून झालं की मान वर करत्याल."

किती टोचून बोलते बघा. पण हो म्हणाली.

पावणे वस्तू निवडायला पुन्हा हुपरीला येणार आहेत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. पाडवा तानीकडंच करायचा, असं मी ठरवलं आहे.