आईच्या खोलीतला रेडिएटर

मंडळी, हॉस्पिटलमधून लिहितोय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना खोलीचं हीटिंग अ‍ॅपवरून चालवणारे स्मार्ट रेडिएटर व्हॉल्व घ्यायला मीच सांगितलं होतं, म्हणून हे सांगणं भाग आहे.

तीन आठवड्यांपूर्वी आई नागपूरहून आमच्याकडे इंग्लंडला, बेसिंगस्टोकला आली. पहिल्याच दिवशी तिच्या उदबत्तीने स्मोक अलार्म वाजला. मी खालूनच चिडून म्हणालो, "पूजा करताना खिडकी उघडत जा गं." तेव्हापासून ती रोज उघडायची.

खिडकी उघडली की गार हवा ओळखून व्हॉल्व त्या खोलीचं हीटिंग बंद करतो. मी अ‍ॅपमध्ये ओके केल्याशिवाय ते परत सुरू होत नाही. अ‍ॅपची नोटिफिकेशन्स मी म्यूट केली होती. आईने उगाच फिरवू नये म्हणून व्हॉल्वला चाइल्ड लॉकही लावलं होतं.

आज बाहेर उणे चार. आईचा उपास, म्हणून ती जेवायला खाली आली नाही. मी खालच्या उबदार खोलीत मीटिंगमध्ये. दुपारी चहा घेऊन वर गेलो, तर ती दोन स्वेटर आणि शाल गुंडाळून बसलेली. हात बर्फासारखे, बोलणं अडखळत होतं.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"तू कामात होतास. मला वाटलं, इकडे असंच असतं."

डॉक्टर अजून काही नक्की सांगत नाहीत. मघाशी मी अ‍ॅपमध्ये तीन आठवडे राहिलेलं ओके दाबलं. तिच्या रिकाम्या खोलीत आता एकवीस डिग्री आहे.

तुमच्याकडे आई-बाबा आले असतील, तर त्यांच्या खोलीत तुम्ही शेवटचे कधी जाऊन बसलात?

मी तीन आठवड्यांत आज पहिल्यांदाच गेलो.