माझ्या लग्नातले फेटे कोर्टात

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच गाडी घेतली, तीही जुनी, आणि तिनं एकाच माणसाला पाडलं. पाडलं तेही नेमकं लग्नसराईच्या तोंडावर, आणि कुणाला, तर फेटे बांधणाऱ्याला. बाजाराजवळच्या बोळातून वडील गाडी मागं घेत होते आणि फेटेवाले काका मोपेडवरून येत होते. गाडीचा वेग चालत्या माणसाएवढा. तरी ते आडवे झाले. अंग मागं बांधलेल्या कापडाच्या गठ्ठ्यावर पडलं, उजवा खांदा मात्र दगडी कट्ट्यावर आपटला. त्या दिवसापासून तो हात छातीच्या वर जाईना.

काकांनी भरपाईचा दावा लावला. विमा कंपनीचं म्हणणं, मऊ गठ्ठ्यावर पडलेल्या माणसाला कसली दुखापत, हे सोंग आहे. भरपाईपेक्षा काकांना तो शब्द लागला. आमच्याकडं येऊन म्हणाले, "साहेब, पेठेत लोक इचारत्यात, खांदा खरंच गेलाय का कोर्टापुरता? तोंड दाखवायची सोय न्हाय ऱ्हायली." दाव्यात वडील त्यांच्या विरुद्ध बाजूला होते, पण चहाला काका आमच्याच घरी यायचे. वडिलांना वाईट वाटत होतं आणि काकांना आईच्या हातचा चहा आवडत होता.

त्यातच माझं लग्न आलं. सासर गडहिंग्लजचं, मंडळी मानापानाला कडक. वऱ्हाडाचे फेटे बांधायचा शब्द काकांनी अपघाताच्या आधीच दिला होता आणि तो फिरवायला ते तयार नव्हते. मग आमच्या माडीवर वडिलांची शिकवणी सुरू झाली. वडील बँकेत कारकून. पायजम्याच्या नाडीचीसुद्धा ज्यांच्याकडून निरगाठ व्हायची, ते पालथ्या घागरीवर फेटा बांधायला शिकले. काका खाटेवर बसून ओरडायचे आणि खालून आई हसायची. लग्नाच्या आदल्या दिवशी वडिलांनी सगळे फेटे घागरीवर बांधून ठेवले. बांधून ठेवलेला फेटा म्हणजे काकांच्या लेखी शिळी भाकरी, पण इलाज नव्हता. सकाळी पाहुण्यांना खुर्चीत बसवून काकांनी डाव्या हातानं एकेकाच्या डोक्यावर तो चढवला. मापं आधीच घेतली होती, असं ठोकून दिलं. सासऱ्यांनी त्यांची पाठ थोपटली, "असा फेटा आमच्या गडहिंग्लजात कोण बांधत न्हाई." काका लाजले आणि गप्प राहिले.

त्या वऱ्हाडाचा फोटो स्टुडिओवाल्यानं हौसेनं दुकानाच्या काचेत लावला. तिथून तो विमा कंपनीच्या वकिलांच्या हाती लागला.

सुनावणीच्या दिवशी मी माहेरी आले होते, म्हणून वडिलांबरोबर कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. विमा कंपनीच्या वकिलांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या काकांपुढं फोटो धरला. "हे लग्न अपघातानंतरचं. हे फेटे कुणी बांधले?"

काकांनी एवढंच सांगायचं होतं, की मी नाही. पण फोटोतले ते ऐटदार फेटे पाहून त्यांची मान ताठ झाली. "मीच की! कोल्हापुरात असं दुसरं कोण बांधणार?"

त्यांच्या स्वतःच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मला तर इतका राग आला, की उठून त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. माणसानं गर्व तरी किती करावा! तेवढ्यात शेजारचे वडील उठले आणि चाचरत म्हणाले, "साहेब, ते फेटे मी बांधलेत."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही? मग दाखवा बांधून."

काकांच्या पिशवीत फेट्याचं कापड कायमच असायचं. शिपायाला पुढं उभं केलं. वडिलांनी बांधायला घेतलं, पण घागर वेगळी आणि भर कोर्टात हलणारं डोकं वेगळं. पीळ सुटला आणि कापड शिपायाच्या नाकावर आलं. सगळे हसले. काकांना ते बघवेना.

"अवो साहेब, पीळ सुटला की! वडा वर, वर वडा!" असं ओरडत ते पिंजऱ्यातून थेट बाहेर आले आणि दोन्ही हातांनी फेट्याला भिडले. डावा हात डोक्यापर्यंत पोचला. उजवा छातीशीच अडला. खांद्यातून कळ निघाली आणि काका तसेच वाकले. हसणं जागच्या जागी थांबलं. मला रडू आलं.

न्यायाधीशांनी आधी त्यांना खोटं बोलल्याबद्दल झापलं, मग बसायला खुर्ची दिली. पुढं निकाल काकांच्या बाजूनं लागला.

त्या दिवशी बाहेर आल्यावर मात्र काका वडिलांवरच भडकले. "कशाला सांगितलंसा? गडहिंग्लजला कळलं म्हंजे? तुमच्या इवायानं पाठ थोपटलीया माझी!"

"काका, मी सांगणार नाही," मी म्हणाले.

वडील कोर्टाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसले, काकांचा उजवा हात पोचेल इतके खाली, आणि म्हणाले, "पावणं, आता माझ्या डोक्याला बांधा."

काका घुटमळले. मग बांधायला लागले. उजव्या हातानं छातीशी कापड धरायचं, डाव्यानं फिरवायचं. फार वेळ लागला. फेटा एका बाजूला कलला होता, हे मलासुद्धा दिसत होतं. तोच घालून वडील पेठेतून चालत घरी आले, आणि ज्यानं ज्यानं विचारलं त्याच्यापाशी थांबून तो कुणी बांधला ते सांगितलं, कसा बांधला तेही.